कुणी सांगितलं नव्हतं

शमिका तोडकर आमच्या घरी पहिल्यांदा आली ती माझ्या गुडघ्यासाठी. दोन हजार बावीसचा मे महिना होता. मी मुलीकडे, ऊर्मिलाकडे, तीन महिन्यांसाठी हॅनोव्हरला आले होते. हाडांच्या डॉक्टरांची वेळ तिनं मी मिरजेत असतानाच घेऊन ठेवली होती, कारण इथं वेळ मिळेपर्यंत दुखणं एक तर बरं होतं, नाहीतर माणसाच्या अंगवळणी पडतं. नेमकं त्याच दिवशी तिला ऑफिसच्या कामासाठी र्युसेल्सहाइमला जावं लागलं. मग तिनं 'सोबत'ला फोन केला.

'सोबत' ही इथल्या मराठी विद्यार्थ्यांची संस्था. रीतसर नोंदणी केलेली. जर्मन लोक अशा संस्थेला फेराइन म्हणतात, आणि तिला घटना, अध्यक्ष, कार्यकारिणी, सभेचं इतिवृत्त असं सगळं असावं लागतं. नव्यानं आलेल्या मुलांना स्टेशनवरून घेऊन येणं, त्यांच्या पत्त्याची सरकारी नोंदणी करून देणं, खोली मिळेपर्यंत कुणाच्या तरी घरी गादी टाकून देणं, ही कामं ही मुलं स्वतःचा अभ्यास सांभाळून करत. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना दवाखान्यात नेणं हे त्यांच्या यादीतलं शेवटचं काम होतं.

शमिका ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आली. किडकिडीत, सावळी, केसांची घट्ट एक वेणी, पाठीवर दप्तर. बूट काढता काढताच तिनं विचारलं, "आजी, दुखतं म्हणजे नेमकं कसं? टोचतं, ओढतं, की जड वाटतं? जर्मनमध्ये तिन्हींना वेगळे शब्द आहेत. मी काल पाठ केलेत."

मला हसू आलं. मी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, पण स्वतःच्या दुखण्याचं इतकं बारीक वर्गीकरण कधी केलं नव्हतं. मी शिक्षिका होते हे ट्राममध्ये कळल्यावर तिनं 'आजी' सोडून दिलं आणि 'बाई' म्हणायला लागली. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

ती सांगोल्याची. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक, आई शिवणकाम करायची. लहानपणी वडिलांचा डबा पोचवायला आगारात गेली, की उघड्या पडलेल्या इंजिनाशेजारी बसून राहायची. सांगलीला इंजिनिअरिंग केलं, एक वर्ष कारखान्यात नोकरी केली, आणि मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी इथं आली. ती फार हुशार विद्यार्थिनी नव्हती. हे मी तिच्या तोंडावर म्हटलं असतं तरी तिला राग आला नसता. काही मुलांना एकदा वाचून कळतं, हिला चारदा वाचावं लागे. पण चौथ्यांदा कळलेलं मग कधी पुसलं जात नसे. अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना फक्त वेळ लागतो.

समाजसेवेची तिला पहिल्यापासून आवड होती असंही नाही. सांगलीला कॉलेजात असताना एनएसएसमध्ये गेली ती दहा गुणांसाठी. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावायचे आणि त्याच पाहुण्यांबरोबर फोटो काढायचे, असं ती सांगायची. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात 'सोबत'च्या अध्यक्षानं, रुपेशनं, नव्या मुलांसमोर भाषण केलं की जर्मनीत नोकरी देणारे गुणांइतकंच समाजकार्यही बघतात. हिनं नाव दिलं. "सीव्हीत एक ओळ वाढेल म्हणून आले, बाई. मग लक्षात आलं की मला हे जमतं. अभ्यासापेक्षा बरं जमतं."

तेच झालं पुढं. परीक्षेत जे मिळत नव्हतं ते तिला इथं मिळायला लागलं. 'शमिकाताईला विचार' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात रूढ झालं. कुठल्या ऑफिसात कुठल्या खिडकीवरची बाई सकाळी चांगल्या मूडमध्ये असते, कुठला घरमालक भाडेकराराची प्रत द्यायला टाळाटाळ करतो, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. आमच्याकडे ती शनिवारी येऊ लागली. माझा नातू रुद्र तिच्यावर खूश असे, कारण ती त्याला 'मराठीत बोल' म्हणून टोकत नसे. ती मराठीत विचारायची, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, वर 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी बरोबर', म्हणून मान डोलवायचा, आणि दोघांचं छान चालायचं.

रुपेशबद्दल मला आज जे वाटतं ते बाजूला ठेवून सांगायला हवं. पुण्याचा मुलगा, देखणा, बोलण्यात गोड. अध्यक्ष म्हणून त्यानं 'सोबत'ला नाव मिळवून दिलं यात शंका नाही. शहरातल्या कुठल्याशा कार्यक्रमात महापौरांच्या शेजारी उभं राहून अस्खलित जर्मन बोलायचा. मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा. मलाही केला होता. ज्या मुलाच्या हातात वर्गाची किल्ली द्यावी आणि फळा मात्र दुसऱ्यानं पुसावा, अशी एक जात असते. तो त्या जातीचा. वाईट मुलगा नव्हे. स्वतःवर येईपर्यंत तर मुळीच नव्हे.

'सोबत'चा एक फोन होता. चोवीस तास कुणाकडे तरी असायचा. नव्या मुलाला काही झालं तर त्यानं त्या नंबरावर फोन करायचा. फोन कुठल्या दिवशी कुणाकडे, याचा तक्ता केलेला असे, आणि त्या तक्त्यावरून प्रत्येकाच्या सेवेचे तास मोजले जात. तक्ता जर्मन पद्धतीचा होता. तो पाळायची पद्धत मात्र आपली. कुणाला अडचण आली की तो दुसऱ्याला म्हणे, "आजच्या दिवस बघशील का गं?" आणि फोन हातातून हातात जाई. तक्त्यात बदल करायचं कुणाला सुचत नसे. मैत्रीत काय नोंद करायची? शमिकानं असे दुसऱ्यांचे किती दिवस निभावले असतील याचा हिशेब तिनं ठेवला नाही, आणि तक्त्यातही तो नव्हता.

मशीन डायनॅमिक्स नावाच्या विषयात ती एकदा नापास झाली, मग दुसऱ्यांदा. पहिल्यांदा विषय कळलाच नव्हता. दुसऱ्यांदा, तिच्याच शब्दांत, कळायला लागला होता तोवर परीक्षा आली. तिच्या अभ्यासक्रमाचा नियम असा की एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला की प्रवेश रद्द, आणि तोच अभ्यासक्रम दुसरीकडेही करता येत नाही. तिसरी परीक्षा दोन हजार चोवीसच्या सप्टेंबरात होती. मी ऑगस्टपासून पुन्हा इथंच होते. तो सबंध महिना ती रोज सकाळी आठला लायब्ररीत जाऊन बसायची. शनिवारी आमच्याकडे आली तरी वही घेऊन यायची. एकदा तिनं रुद्रच्या झोक्यावरून मला कंपनांचं गणित समजावून सांगितलं, आणि मला ते खरोखर समजलं. त्या दिवशी मी ऊर्मिलाला म्हटलं, ही या वेळी पास होणार. जे दुसऱ्याला समजावता येतं ते आपल्याला आलेलं असतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत रुपेशनं तिला गाठलं. त्याला दुसऱ्या दिवशी झिंडेलफिंगेनला मुलाखतीसाठी जायचं होतं, मोठ्या कारखान्यात, ज्या नोकरीसाठी इथली सगळी मुलं जीव टाकतात. फोनची पाळी त्याची होती. तिनं सांगितलं की उद्या दोन वाजता माझी परीक्षा आहे. तो म्हणाला, "सकाळपुरताच ठेव गं. बारानंतर मी कुणाला तरी सांगतो, तो येऊन घेऊन जाईल तुझ्याकडून." तिनं फोन घेतला.

सकाळी साडेनऊला फोन वाजला. ईप्सिता नावाची साताऱ्याची मुलगी, येऊन चार दिवस झालेले, पोटात असह्य दुखत होतं. शमिका तिच्या खोलीवर गेली, रुग्णवाहिका बोलावली आणि तिच्याबरोबर इस्पितळात गेली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉक्टरांना इंग्रजी येत होतं, ईप्सितालाही येत होतं. भाषेची अडचण नव्हती. अडचण अशी होती की ती मुलगी थोड्याच वेळात भूल घेऊन परक्या देशात टेबलावर जाणार होती, आणि तिनं शमिकाच्या जाकिटाची बाही मुठीत धरली होती. साताऱ्याहून तिची आई फोनवर होती. ती माउली एकच वाक्य बोलत होती, "बाळा, तू तिथून हलू नकोस."

बारा वाजले. कुणी आलं नाही. शमिकानं रुपेशला फोन केला. बंद. साडेबारापासून दीडपर्यंत अकरा वेळा केला. इतर चौघांना केला. एक प्रयोगशाळेत, एक गावाला, दोघांनी उचलला नाही. मुलीला आत नेलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तेव्हा ती निघाली असती तर पोचली असती. मी तिला एकदाच विचारलं, मग का नाही निघालीस? म्हणाली, "निघाले होते, बाई. लिफ्टपाशी गेले. तेवढ्यात तिच्या आईचा परत फोन आला. आहेस ना तिथंच, म्हणाल्या. आहे म्हटलं मी. मग कशी जाऊ?"

इतकं साधं होतं ते. ती 'आहे' म्हणाली होती.

मुलगी बरी झाली. दुसऱ्या दिवशी रुपेश फुलं घेऊन इस्पितळात गेला, आणि ईप्सिताच्या पलंगाशेजारचा त्याचा फोटो 'सोबत'च्या पानावर आला. ईप्सिताच्या वडिलांनी अध्यक्षांचे जाहीर आभार मानले. शमिका त्या वेळी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात उभी होती. परीक्षेला गैरहजर राहिल्यास तीन दिवसांत सबळ कारण पुराव्यासह द्यायचं असतं. स्वतः आजारी असाल तर प्रश्न नाही, डॉक्टरचं प्रमाणपत्र चालतं. दुसरं कुणी आजारी होतं म्हटल्यावर परीक्षा समितीनं तिच्याकडून लेखी खुलासा मागवला. त्यात मुख्य प्रश्न एकच होता: हे काम तुम्हाला संस्थेनं नेमून दिलं होतं का, आणि दिलं असल्यास कुणी? नेमून दिलेली जबाबदारी असेल, पर्यायी माणूस मिळाला नसेल, तर समिती पुन्हा संधी देऊ शकत होती. संस्थेचं पत्र जोडायला दोन आठवड्यांची मुदत होती.

यात अवघड काय होतं? रुपेशनं एक ओळ लिहायची होती. पण त्याच आठवड्यात त्यानं समाजकार्यासाठीच्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज पाठवला होता, आणि त्यात सेवेच्या तासांचा तक्ता स्वतःच्या सहीनं जोडला होता. त्या तक्त्यात तो दिवस त्याच्या नावावर होता. इतकंच नाही, ईप्सिताच्या प्रसंगाचं वर्णनही त्यानं मोठ्या उत्साहात त्यात घातलं होतं. त्यानं शमिकाला सांगितलं, तू माझं नाव टाळ. मी संस्थेतर्फे असं पत्र देतो की समिती विरघळेल.

त्या संध्याकाळी ती तो कागद घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली. ऊर्मिला ठाम होती. "नाव लिही. तारीख लिही. कुठं फोन दिला, किती वाजता दिला, सगळं लिही. मेसेज आहे का त्याचा काही?"

"नाही. खानावळीत हातातच दिला त्यानं."

"मग तर लिहीच."

"ताई, त्याची शिष्यवृत्ती जाईल. नोकरीतही विचारतील."

"तुझं काय जाईल ते मोज आधी."

शमिका माझ्याकडे बघायला लागली. त्या क्षणी मी काय बोलले ते मला इथं लिहायलाच हवं. मी म्हटलं, "त्यानं शब्द दिलाय ना? मग कशाला कुणाला अडचणीत आणायचं. आपलं काम आपण सांगावं, दुसऱ्याचं नाव घेऊ नये." एकतीस वर्षं मी हेच शिकवत आले. वर्गात कुणी काच फोडली हे सांगायला उठणाऱ्या मुलाला मी खाली बसवायची.

"आई, इथं शब्द कागदावर असतो," ऊर्मिला म्हणाली आणि भांडी घासायला उठून गेली. ती चिडली की भांडी घासते.

शमिकानं लिहिलं: 'मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीला मदतीची गरज होती म्हणून मी गेले.' जर्मन वाक्यं बरोबर आहेत का हे तिनं दोनदा तपासलं. मग सही केली. मला ती वाक्यं सुंदर वाटली होती.

रुपेशचं पत्र शेवटच्या दिवशी थेट समितीकडे गेलं, तिला फक्त प्रत आली. ऊर्मिलानं ती मला मराठीत वाचून दाखवली. 'सुश्री तोडकर या आमच्या सर्वांत निष्ठावान स्वयंसेविका आहेत. त्या नेहमीच स्वयंप्रेरणेनं, कोणत्याही सूचनेची वाट न पाहता, प्रसंगी स्वतःचं नुकसान सोसूनही मदतीला धावून जातात.' अशा आणखी सात-आठ ओळी. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांची मानपत्रं मी पुष्कळ लिहिली आहेत. हे त्याच साच्यातलं होतं. माणसाला निरोप द्यायचा असला की असं लिहितात.

निकाल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. समितीची भाषा अगदी सभ्य होती. विद्यार्थिनीच्या कृतीबद्दल समितीला आदर आहे. मात्र तिचं स्वतःचं निवेदन आणि संस्थेचं पत्र या दोन्हींवरून स्पष्ट होतं की तिच्यावर कोणतीही जबाबदारी नव्हती. तिनं स्वेच्छेनं दुसऱ्या गोष्टीला प्राधान्य दिलं. विषयात अंतिमतः अनुत्तीर्ण. निकालावर हरकत घ्यायला एक महिना होता.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी शहराच्या लिंडन भागातल्या एका सभागृहात 'सोबत'ची मुलं फराळ करायला जमली होती. दोनशे करंज्या करायच्या होत्या, आणि करंजीची कड नीट दुमडता येणारी मी एकटीच, म्हणून मला नेलं होतं. शमिकाही आली. का आलीस, असं मी तिला विचारलं नाही. तिचं नाव कामाच्या यादीत होतं, म्हणून ती आली होती. सारण भरता भरता तिनं दारातून खोकी आणणाऱ्या रुपेशला पाहिलं, हात पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. माझं टेबल चार हातांवर होतं.

"रुपेश, एक ओळ लिहून दे. फोन मी तिला दिला होता, एवढीच."

"आत्ता? इथं?"

"इथं नाही तर कुठं? फोन तू उचलत नाहीस."

पलीकडून मीनल नावाची मुलगी ओरडली, "अध्यक्ष, खोकी खाली ठेवा आधी. आश्वासनं मोकळ्या हातांनी द्यायची असतात." चारजण हसले. त्यांना काही माहीत नव्हतं. रुपेशनंही हसून खोकी खाली ठेवली आणि आवाज उतरवला.

"मी नाही म्हणत नाहीये, शमिका. पण आल्झो, म्हणजे, तूच लिहून दिलंयस ना, कुणी सांगितलं नव्हतं म्हणून? तुझी सही आहे त्याच्यावर. आता मी वेगळं लिहिलं तर आपण दोघंही खोटे ठरू."

"तू सांगितलंस म्हणून लिहिलं मी तसं."

"मी नाव टाळ म्हटलं होतं. खोटं लिही असं कुठं म्हटलं?"

त्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. माझ्या हातातली करंजी फुटली.

शमिका म्हणाली, "बरोबर आहे. मग तू खरा राहा. दोघांपैकी एक तरी राहिलेला बरा."

ती परत येऊन माझ्यासमोर बसली आणि सारण भरायला लागली. एकाही करंजीत सारण कमी नाही, जास्त नाही. दोनशे पूर्ण होईपर्यंत ती उठली नाही. घरी जाताना मी तिला म्हटलं की चूक माझी होती, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. तिनं ते नाकारलं नाही. नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, आणि तिला ते कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "बाई, तुम्हाला विचारलं तेव्हा मला तेच ऐकायचं होतं. ताईंचं ऐकायचं असतं तर त्यांना विचारलं असतं."

हरकतीचा अर्ज तिनं एकटीनं लिहिला. या वेळी सगळं होतं त्यात: खानावळ, वेळ, बारानंतरचं आश्वासन, अकरा फोन, रुपेशचं पूर्ण नाव. समितीनं संस्थेकडे विचारणा केली. कार्यकारिणीनं उत्तर दिलं की त्या दिवशीच्या तक्त्यात अध्यक्षांचं नाव आहे आणि पाळी बदलल्याची नोंद नाही. कार्यकारिणीत सहाजण होते. त्या सहांपैकी तिघांचा पत्ता शमिकानं स्वतः खिडकीवर उभं राहून नोंदवून दिला होता, एकाला तिच्या खोलीत तीन आठवडे गादी टाकून दिली होती. त्यातल्या कुणीही खोटं लिहिलं नाही. तक्त्यात जे होतं तेच त्यांनी कळवलं.

समितीचा अंतिम निर्णय मी मिरजेला परतल्यावर आला. ऊर्मिलानं फोनवर वाचून दाखवला. दोन निवेदनांत विसंगती असल्यानं, घटनेच्या जवळचं, आधीचं निवेदन अधिक विश्वसनीय मानावं लागतं. कोर्टात जाता आलं असतं, पण तिच्या राहण्याचा परवाना विद्यार्थी म्हणून होता, आणि विद्यार्थी ती राहिली नव्हती. कोर्ट तिच्या परवान्यासाठी थांबणार नव्हतं. सांगोल्याला परत जाऊन वडिलांच्या आगाराच्या रस्त्यावरून चालायची तिची तयारी नव्हती. मुदत संपायच्या आत जे मिळालं ते तिनं घेतलं: हिल्डेसहाइमला वृद्धाश्रमात परिचारिकेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण. त्या कामाला मी कमी लेखत नाही. माझ्याच वयाच्या माणसांना कुणीतरी आंघोळ घालायला हवीच. पण ती इंजिनासाठी आली होती.

रुपेशला झिंडेलफिंगेनची नोकरी मिळाली. शिष्यवृत्तीही मिळाली, असं ऐकते.

यंदा एप्रिलमध्ये मी पुन्हा आले. शमिका सुट्टीच्या दिवशी भेटायला आली. वेणी कापली होती. हात सारखे धुवून बोटांची कातडी कोरडी पडली होती. जर्मन फार चांगलं झालं होतं, मराठी मात्र ती आता मोजून बोलत होती, जणू प्रत्येक वाक्य कुठं जमा होणार आहे याचा अंदाज घेतल्यासारखी. ईप्सिताबद्दल मी विचारलं. चांगली आहे, म्हणाली. 'सोबत'च्या कार्यकारिणीत आहे.

दुपारी आम्ही दोघी ट्रामनं घरी येत होतो. मधल्या स्टेशनवर दोन विद्यार्थी चढले, एक मुलगा आणि एक मुलगी, प्रत्येकाकडे दोन मोठ्या बॅगा, बॅगांवर विमान कंपनीच्या पट्ट्या अजून तशाच. ते आमच्या समोरच उभे राहिले. मुलगी म्हणाली, "अरे, हीच ना ती ट्राम? विद्यापीठाचा स्टॉप दाखवतच नाहीये." मुलगा फोनकडे बघून म्हणाला, "हीच असेल. पुढं दाखवेल." विद्यापीठ मागं राहिलं होतं. गाडी लिंडनकडे चालली होती.

शमिका खिडकीतून बाहेर बघत होती. तिला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं, म्हणून मी सीटच्या दांडीला धरून उठायला लागले. तिनं न बघताच माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बसा, बाई," ती म्हणाली. "त्यांच्याकडे फोन आहे. बघतील."

मी बसले. एकदा तिनं मला विचारून माझं ऐकलं होतं. त्यानंतर तिला काही सांगायचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता. मुलीनं शेजारच्या जर्मन बाईंना इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाईंनी भराभर जर्मनमध्ये उत्तर दिलं. मुलीनं समजल्यासारखी मान हलवली आणि बॅग जवळ ओढून घेतली. दोन स्टॉप गेले, मग तिसरा.

आमचा स्टॉप आला. शमिकानं त्या बॅगांमधून वाट काढत मला खाली उतरवलं. बाजूला होताना तो मुलगा तिला जर्मनमध्ये 'सॉरी' म्हणाला, आणि तिनं त्याला जर्मनमध्येच 'हरकत नाही' म्हटलं. दारं मिटली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. ती दोघं एकाच फोनमध्ये डोकं घालून उभी होती, आणि गाडी त्यांना घेऊन शहराबाहेर निघाली होती.